गिटारच्या मानेची रुंदी

गिटारच्या मानेची रुंदी हे गिटार या तंतुवाद्याचे एक महत्त्वाचे माप आहे. डाव्या हाताच्या बोटांना तारा दाबण्यासाठी किती जागा मिळेल हे प्रामुख्याने या मापावर अवलंबून असते. कारखान्यात तयार होणाऱ्या बहुतेक सहातारी विद्युत गिटारींची मान वरच्या टोकाशी सुमारे ४१ ते ४३ मिलिमीटर (मिमी) रुंद असते. जाड किंवा मोठ्या बोटांच्या वादकाला ही जागा अपुरी पडू शकते. एक तार दाबताना बोट शेजारच्या तारेला टेकते आणि तिचा स्वर बंद होतो किंवा खरखरतो. नवशिक्याला हा आपल्या बोटांचा दोष वाटतो आणि पुष्कळदा त्याच समजुतीतून वाद्य सुटते. प्रत्यक्षात हा प्रश्न बराचसा मापांचा असून ती मापे समजून घेतल्यास त्यावर अनेक उपाय उपलब्ध आहेत.

परिभाषा

गिटारचा जो लांब, अरुंद भाग डाव्या हातात धरला जातो त्याला मान म्हणतात. सतारीत याच भागाला दांडी असे नाव आहे. मानेच्या दर्शनी बाजूस बसवलेल्या लाकडी पट्टीवर धातूचे आडवे पडदे ठोकलेले असतात. मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाड, प्लॅस्टिक किंवा धातूची एक छोटी आडवी पट्टी असते. तिच्या खाचांमधून तारा पुढे जातात. या पट्टीला गिटारच्या व्यवहारात 'नट' म्हणतात; सतार-तंबोऱ्यातील मेरूचे जे कार्य, तेच नटचे. तारांचे दुसरे टोक ज्यावर टेकते ती घोडी. नट व घोडी यांमधील तारेच्या लांबीला 'स्केल लांबी' म्हणतात.

मान सर्वत्र सारखी रुंद नसते. नटपासून घोडीकडे जाताना ती रुंदावत जाते. नटपाशी ४२ मिमी असणारी मान बाराव्या पडद्यापाशी साधारण ५१ ते ५२ मिमी भरते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात 'नट रुंदी' म्हणून दिलेला आकडा हा सर्वांत अरुंद जागेचा असतो. नवशिक्याचे पहिले सूरमेळ नटजवळच्या तीन-चार पडद्यांतच वाजवायचे असल्याने सर्वाधिक अडचण याच जागी जाणवते.

तारांमधील अंतराचे गणित

बोटांच्या दृष्टीने मानेच्या रुंदीपेक्षा दोन तारांमधील अंतर अधिक महत्त्वाचे असते. सहा तारांमध्ये पाच अंतरे असतात. पहिली व सहावी तार मानेच्या अगदी कडेला बसवता येत नाही, अन्यथा बोटाच्या दाबाने ती कडेवरून घसरते. म्हणून प्रत्येक कडेला सुमारे ३.५ मिमी जागा मोकळी सोडली जाते. नटची रुंदी ४३ मिमी असल्यास त्यातून दोन्ही कडांचे ७ मिमी वजा करून उरलेल्या ३६ मिमीला पाचाने भागावे. एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर ७.२ मिमी येते.

प्रौढ पुरुषाच्या तर्जनीची टोकाकडील सांध्यापाशी रुंदी सामान्यतः १६ ते २० मिमी असते. म्हणजे सडपातळ बोटसुद्धा दोन तारांमधील अंतराच्या दुपटीहून रुंद असते. तरीही गिटार वाजवता येते, कारण तार संपूर्ण बोटाने दाबली जात नाही. बोट वाकवून उभे ठेवले असता टोकाचा लहानसा भागच तारेवर टेकतो आणि बाकीचे बोट शेजारच्या तारांच्या वर कमानीसारखे राहते. ज्याच्या बोटाचे टोक रुंद व मांसल आहे, त्याच्या बाबतीत कमान नीट केली तरी टेकणारा भाग मोठाच राहतो. अशा वादकाला अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरकही स्पष्ट जाणवतो.

दुसरी अडचण लांबीच्या दिशेने येते. ६४८ मिमी स्केल लांबीच्या गिटारवर पहिल्या व दुसऱ्या पडद्यांमधील जागा सुमारे ३४ मिमी असते. 'ए मेजर' या सूरमेळात याच एका घरात शेजारशेजारच्या तीन तारांवर तीन बोटे ठेवावी लागतात. मोठ्या बोटांच्या विद्यार्थ्याला हा सूरमेळ इतरांपेक्षा कठीण जातो, तो यामुळेच.

प्रचलित मापे

नटची मापे बहुधा इंचांच्या अपूर्णांकात दिली जातात. त्यांचे मिलिमीटरमधील रूप आणि प्रत्येक कडेला ३.५ मिमी सोडल्यास दोन तारांमध्ये मिळणारे अंतर पुढीलप्रमाणे आहे:

• १ ५/८ इंच : ४१.३ मिमी, तारांमधील अंतर सुमारे ६.९ मिमी. फेंडर कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या गिटारींचे माप.
• १ ११/१६ इंच : ४२.९ मिमी, अंतर सुमारे ७.२ मिमी. आजच्या अनेक विद्युत गिटारींचे माप.
• १ ३/४ इंच : ४४.५ मिमी, अंतर ७.५ मिमी. पोलादी तारांच्या अनेक ध्वनिक गिटारींवर आढळणारे माप.
• १ ७/८ इंच : ४७.६ मिमी, अंतर सुमारे ८.१ मिमी. रुंद मानेच्या खास गिटारींचे, तसेच अनेक सप्ततारी गिटारींच्या नटच्या जवळचे माप.
• २ इंच : ५०.८ मिमी; अंतर सुमारे ८.८ मिमी. नायलॉन तारांच्या गिटारींमध्ये आढळणारे माप.

अभिजात (क्लासिकल) गिटारचे नट सामान्यतः ५२ मिमी असते. तिच्या कडांना थोडी अधिक जागा सोडतात, त्यामुळे तारांमधील अंतर साडेआठ मिमीच्या आसपास राहते.

४२.९ मिमीऐवजी ४७.६ मिमीची मान घेतल्यास प्रत्येक अंतरात एक मिलिमीटरहूनही थोडी कमी भर पडते. आकडा लहान दिसला तरी मूळ ७.२ मिमीच्या तुलनेत ही वाढ सुमारे १३ टक्के आहे.

केवळ मानेच्या रुंदीवरून निष्कर्ष काढणे फसवे ठरू शकते, याचे उदाहरण युकुलेली या छोट्या वाद्याचे आहे. तिचे नट सुमारे ३५ मिमी, म्हणजे विद्युत गिटारपेक्षाही अरुंद असते. पण तारा चारच असल्याने दोन तारांमध्ये सुमारे ९ मिमी अंतर मिळते. हवाईचे गायक-वादक इझ्राएल कामाकाविवोओले (१९५९–१९९७) अतिशय धिप्पाड देहयष्टीचे होते आणि तरीही त्यांनी हेच चिमुकले वाद्य आयुष्यभर वाजवले. चार तारांच्या बेस गिटारचीही स्थिती अशीच आहे. फेंडरच्या जॅझ बेसचे नट सुमारे ३८ मिमीच असते, परंतु तारांमध्ये १० मिमीच्या आसपास जागा मिळते.

मापांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांच्या हातून आधुनिक अभिजात गिटारची घडण निश्चित झाली. या गिटारच्या तारा उजव्या हाताच्या बोटांनी छेडल्या जात असल्याने त्यांमध्ये ऐसपैस अंतर आवश्यक होते. पुढे पोलादी तारा आल्या, वादन नखीने होऊ लागले आणि मान अरुंद होत गेली. १९५०च्या दशकात फेंडर टेलिकास्टर, गिब्सन लेस पॉल (१९५२) व फेंडर स्ट्रॅटोकास्टर (१९५४) या भरीव लाकडाच्या विद्युत गिटारी प्रचारात आल्या. नखीने जलद वादन करणाऱ्याला आणि अंगठा मानेवरून पुढे आणून जाड तार दाबणाऱ्याला अरुंद मान सोयीची वाटते. या गिटारींची मापे पुढे इतर उत्पादकांनी स्वीकारली आणि तीच सर्वमान्य झाली.

तरीही एके काळी कारखान्यातच निवडीची सोय होती. फेंडर कंपनीने १९६०च्या दशकाच्या प्रारंभी मानेच्या चार रुंदी ठरवून त्यांना ए, बी, सी व डी अशी अक्षरे दिली. ए म्हणजे दीड इंच (३८.१ मिमी), बी म्हणजे १ ५/८ इंच, सी म्हणजे १ ३/४ इंच आणि डी म्हणजे १ ७/८ इंच. त्यांपैकी बी ही नेहमीची मान होती. मानेच्या तळाशी हे अक्षर उमटवलेले असे. याउलट गिब्सन कंपनीने त्याच दशकाच्या मध्यास आपल्या अनेक गिटारींचे नट १ ९/१६ इंचापर्यंत (३९.७ मिमी) खाली आणले. मोठ्या बोटांच्या वादकांना त्या काळातील गिब्सन गिटारी अडचणीच्या वाटतात, त्याचे कारण हे आहे. डी मापाची मान दुर्मीळच राहिली आणि नंतरच्या काळात कारखान्यातील निवड मुख्यतः ४१ ते ४३ मिमीपुरती उरली.

भारतीय तंतुवाद्यांशी तुलना

वादकाप्रमाणे वाद्याचे माप ठरवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार व तंबोरे घडवण्याची परंपरा आहे. फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा घडवताना तो पुरुष गायकासाठी आहे की गायिकेसाठी हे आधी विचारले जाते. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा, तर स्त्रियांच्या वरच्या पट्टीसाठी लहान तंबोरा बनवतात. गायकाने आपला आवाज तंबोऱ्याच्या मापात बसवावा अशी अपेक्षा तेथे नसते.

सतारीची दांडी आठ-नऊ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे विद्युत गिटारच्या मानेच्या जवळजवळ दुप्पट. या रुंदीचे प्रयोजन मात्र बोटांची जाडी नाही. सतारीत एकाच पडद्यावर तार आडवी खेचून मींड काढतात आणि त्या खेचण्यासाठी पडद्यावर मोकळी जागा हवी असते. वाद्यावर काय वाजवायचे आहे, यावरून मानेची रुंदी ठरते, असा याचा अर्थ आहे.

हवाईयन पद्धतीच्या गिटारमध्ये तर मानेच्या रुंदीचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी नळीने किंवा कांडीने वाजवतात, बोटांनी तारा पडद्यांवर दाबाव्या लागत नाहीत. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी या पद्धतीने गिटारला रागसंगीतात स्थान मिळवून दिले. पंडित शिवकुमार शर्मा व पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी वाजवलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही याच पद्धतीने वाजवली जाते. बोटांच्या जाडीमुळे पडदे दाबणे खरोखरच अशक्य असणाऱ्यांसाठी हा एक पूर्ण विकसित मार्ग आहे.

रुंद मान मिळवण्याचे मार्ग

१. रुंद मानेची तयार गिटार : अमेरिकेतील बिग लू ही नाममुद्रा १ ७/८ इंच नट असलेल्या सहातारी विद्युत गिटारींसाठीच ओळखली जाते. कॅनडातील गोदँ कंपनीच्या मल्टिअॅक मालिकेतील नायलॉन तारांच्या विद्युत गिटारींची मान अभिजात गिटारसारखी रुंद असते. मात्र त्यांचा नाद पोलादी तारांच्या विद्युत गिटारपेक्षा वेगळा असतो.

२. मान बदलणे : फेंडर पद्धतीच्या गिटारीत मान स्क्रूंनी जोडलेली असते. ती काढून दुसरी बसवता येते. अमेरिकेतील वॉरमॉथसारखे सुट्या भागांचे उत्पादक १ ७/८ इंचाची मानही बनवतात. नवी मान विकत घेण्यापूर्वी तिचे बूड गिटारच्या खाचेत बसते की नाही आणि घोडीवरील तारांचे अंतर तिला जुळते की नाही, हे तपासावे लागते. लेस पॉलसारख्या गिटारीत मान सरसाने कायमची चिकटवलेली असल्याने हा मार्ग व्यवहार्य नसतो.

३. सप्ततारी गिटारचे रूपांतर : सात तारांच्या गिटारचे नट साधारण ४८ मिमी असते. तिच्यावर सहाच तारा चढवल्यास तारांमधील अंतर ८.२ मिमीपर्यंत नेता येते. त्यासाठी सहा खाचांचे नवे नट कापून घ्यावे लागते. नुसती एक तार काढून टाकल्याने अंतर वाढत नाही, कडेला एक रिकामी जागा तेवढी उरते. घोडीवरील आधारही सातांच्या हिशेबाने बसवलेले असतात; तेथे बदल न केल्यास उजव्या हाताकडे तारा पूर्वीसारख्याच जवळ राहतात.

४. नट बदलणे : हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. कुशल कारागीर नवे नट कापताना पहिली व सहावी तार कडेकडे थोडी सरकवू शकतो. कडेची मोकळी जागा ३.५ ऐवजी २.८ मिमी ठेवल्यास प्रत्येक अंतरात सुमारे ०.३ मिमीची भर पडते. यापलीकडे गेल्यास तार कडेवरून घसरू लागते. खाचा कापताना तारांच्या मध्यांऐवजी त्यांच्या कडांमधील मोकळी जागा समान ठेवणेही हिताचे असते. सर्वांत जाड तारेचा व्यास एक मिमीहून अधिक, तर सर्वांत बारीक तारेचा पाव मिमीच्या आसपास असू शकतो. मध्य समान ठेवल्यास जाड तारांकडील बोटांना कमी जागा मिळते.

रुंद मानेच्या मर्यादा

रुंद मान सर्वांना लाभदायक ठरतेच असे नाही. तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून वाजवायच्या सूरमेळांसाठी अधिक लांब व बळकट बोट लागते. अंगठा मानेवरून पुढे आणून जाड तार दाबणे कठीण होते. मानेची जाडी आणि पाठीमागील गोलाई यांचाही परिणाम होतो. रुंद पण पातळ मान आणि अरुंद पण जाड मान यांचा हाताला येणारा अनुभव पूर्णपणे वेगळा असतो. ज्याची बोटे जाड पण आखूड आहेत, त्याला रुंद मानेवर जाड तारेपर्यंत पोहोचताना ताण पडतो. लांब बोटांच्या वादकाला ही अडचण येत नाही. म्हणून 'मोठी बोटे' हे एकच वर्णन पुरेसे नसते. लांबी व जाडी स्वतंत्रपणे पाहावी लागते.

वादनपद्धतीचा भाग

प्रत्येक अडखळणे मापामुळेच होते असेही नाही. अंगठा मानेच्या पाठीमागे मध्यावर ठेवून मनगट किंचित पुढे काढले, तर बोटे तारांवर अधिक उभी पडतात. पट्टा आखूड करून गिटार छातीच्या जवळ घेतल्यास हे सोपे जाते. डाव्या हाताची नखे वाढलेली असतील, तर बोट उभे राहू शकत नाही आणि आडवे होऊन शेजारच्या तारेला लागते. तारा पडद्यांपासून फार उंच असल्यास त्या अधिक जोराने दाबाव्या लागतात आणि बोटाचे टोक अधिक पसरते; तारांची उंची कमी करून घेतल्याने हा दोष कमी होतो. 'ए मेजर'साठी तीन बोटांऐवजी एकच बोट तीन तारांवर आडवे टाकण्याची पद्धतही प्रचलित आहे.

फ्रान्समधील विख्यात वादक जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ मध्ये आगीत जायबंदी झाली. त्यांनी उरलेल्या बोटांच्या आधारे वादनाची स्वतंत्र पद्धत घडवली. हाताच्या ठेवणीप्रमाणे पद्धत बदलता येते, याचे हे उदाहरण आहे.

खरेदीपूर्वीचे मोजमाप

मुंबईसारख्या शहरात दुकानात चार गिटारी हातात घेऊन निवड करता येते. धोबी तलाव भागातील फुर्तादोज हे तेथील १८६५ पासूनचे जुने वाद्यालय आहे. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेड येथील विद्यार्थ्याला त्यासाठी मनमाडमार्गे रेल्वेने पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. तो टाळून छायाचित्र व किंमत पाहून घरपोच गिटार मागवल्यास मान हातात न घेताच निर्णय होतो. अशा वेळी मोजमाप हाच भरवशाचा आधार असतो.

पहिली पायरी, परिचितांची एखादी गिटार वाजवून पाहावी व तिचे नट मोजावे. शाळा-महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरने हे माप अचूक घेता येते. ते नसल्यास कागदाची पट्टी नटवर आडवी धरून दोन्ही कडांच्या खुणा करून फूटपट्टीवर मोजाव्यात. पहिल्या व सहाव्या तारेच्या मध्यांमधील अंतरही मोजून त्याला पाचाने भागावे.

दुसरी पायरी, सुताराकडून हातभर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या कापून घ्याव्यात. एक ४३ मिमी व दुसरी ४८ मिमी रुंद असावी. दोन्हींवर कडेला ३.५ मिमी सोडून समान अंतरावर सहा रेषा आखाव्यात, टोकापासून ३६ व ७१ मिमीवर पडद्यांच्या दोन आडव्या रेषा ओढाव्यात आणि त्या दोन रेषांमध्ये 'ए मेजर'ची तीन बोटे ठेवून पाहावीत. ४३ मिमीच्या पट्टीवर बोटे शेजारच्या रेषांवर जात असतील आणि ४८ मिमीच्या पट्टीवर जात नसतील, तर रुंद मानेचा शोध घेणे योग्य ठरते. दोन्हींवर सारखीच अडचण येत असेल, तर आधी हाताची ठेवण सुधारणे इष्ट. ही चाचणी स्थूल असली तरी ती काही रुपयांत होते.

तिसरी पायरी, विक्रेत्याकडे नटची रुंदी, घोडीवरील तारांचे अंतर आणि मान स्क्रूंनी जोडलेली आहे की चिकटवलेली, या तीन गोष्टींची लेखी विचारणा करावी. परत करण्याच्या अटीही आधीच वाचाव्यात. पहिली गिटार शिकाऊ असेल, तर स्क्रूंनी जोडलेल्या मानेची घेणे अधिक सोयीचे असते. पुढे तीच गिटार ठेवून केवळ मान बदलण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा राहतो.